हालोनग्रोत्ता: रास्पबेरी जॅमची स्वीडिश बटर बिस्किटं

स्वीडिश भाषेत ‘हालोन’ म्हणजे रास्पबेरी आणि ‘ग्रोत्ता’ म्हणजे गुहा. लोण्याच्या फिकट बिस्किटात बोटाने केलेला खड्डा आणि त्या खड्ड्यात रास्पबेरीचा लाल जॅम, म्हणून ही रास्पबेरीची गुहा. अनेकवचन हालोनग्रोत्तोर. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी असा दुसरा कुठला जॅम घातला, तर तिथले लोक ‘सिल्टग्रोत्तोर’ म्हणजे नुसत्या जॅमच्या गुहा असंही म्हणतात.

स्वीडनमध्ये दिवसातून एकदा-दोनदा काम बाजूला ठेवून कॉफी आणि सोबत काहीतरी गोड खाण्याची जी पद्धत आहे, तिचं नाव ‘फीका’. मराठीतल्या फिक्याशी त्याचा काही संबंध नाही. कॉफीला पूर्वी ‘काफ्फी’ म्हणत, त्यातली अक्षरं उलटी करून एकोणिसाव्या शतकात हा बोलीतला शब्द तयार झाला. त्याच शतकात घरोघरी बायकांच्या कॉफीच्या बैठका रुजल्या. पाहुण्यांपुढे सात प्रकारची बिस्किटं मांडायची, असा तिथला दंडक. कमी मांडली तर यजमानीण कंजूष आणि जास्त मांडली तर मिरवणारी. १९४५ साली ‘सात प्रकारची बिस्किटं’ अशाच नावाचं पाककृतींचं पुस्तक निघालं आणि ते आजही छापलं जातं. हालोनग्रोत्ता या सातांच्या पंगतीतली नेहमीची मानकरी. करायला सोपी, अंडं नाही, दूध नाही, लाटणं नाही, साचा नाही.

सोपी असूनही ती हमखास बिघडते. खड्डा बुजतो, जॅम उतू जातो, बिस्किट पसरतं किंवा दगड होतं. या सगळ्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात: लोण्याचं तापमान आणि नको तिथे शिरलेलं पाणी. कृती वाचताना या दोन गोष्टींवर डोळा ठेवा, म्हणजे बाकीचं आपोआप कळत जाईल.

मापं

स्वीडिश कृतीत ग्रॅम कमी आणि डेसिलिटर जास्त दिसतात. तिथल्या प्रत्येक घरात चार मापांची एक जुडी असते: १ डेसिलिटर म्हणजे १०० मिली, मोठा चमचा १५ मिली, छोटा चमचा ५ मिली आणि ‘मसाल्याचं माप’ १ मिली. मैदा १ डेसिलिटर भरला की वजन साधारण ६० ग्रॅम, साखर भरली की ८५ ते ९० ग्रॅम. आपल्याकडचा कप २४० मिलीचा. मैदा चमच्याने हलका भरला तर त्यात १२० ते १३० ग्रॅम बसतो आणि डब्यात कप खुपसून उपसला तर दीडशेपर्यंत जातो. दोन कपांत चाळीस-पन्नास ग्रॅमचा फरक पडला की बिस्किट कोरडं होऊन हातात भुगा होणारच. म्हणून या एका पदार्थापुरता तरी वजनकाटा काढा.

२४ बिस्किटांसाठी: लोणी २०० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, स्टार्च ३० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा सपाट, व्हॅनिला साखर २ छोटे चमचे किंवा व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा, रास्पबेरी जॅम १२० ते १५० ग्रॅम.

स्वीडिश घरांत ३-२-१ असं एक सूत्र पाठ असतं: तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर. वजनाने. वरचं माप त्याच सूत्राच्या आसपास आहे. जुन्या कृतींमध्ये नुसता मैदा साडेचार ते पाच डेसिलिटर, म्हणजे २७० ते ३०० ग्रॅम असतो. स्टार्च घातला की मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे चिवटपणा आणणारं प्रथिन, त्या प्रमाणात कमी होतं आणि बिस्किट जिभेवर विरघळतं, म्हणून माझ्या मते तो घालावाच.

स्टार्चच्या बाबतीत एक फसगत होते. स्वीडिश कृतीत ‘पोटाटिसम्योल’ असा शब्द येतो. शब्दशः अर्थ बटाट्याचं पीठ, पण ते असतं बटाट्याचं सत्त्व: पांढरंशुभ्र, बोटांत चोळलं की करकरणारं. उकडून वाळवलेल्या बटाट्याचं पिवळसर पीठ वापरलं तर लगदा होतो. बटाट्याचा स्टार्च मिळाला नाही तर आपल्या वाण्याकडचं कॉर्नफ्लॉवर तितकंच घ्या. तेही पांढरं, कस्टर्डला लावतात ते. मक्याचं पिवळं पीठ चालत नाही.

लोणी

बाजारातल्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि साधारण १६ टक्के पाणी. ते पाणीसुद्धा मापात धरलेलं आहे, हे लक्षात असू द्या.

स्वीडनमध्ये घरगुती बेकिंगला बहुतेक वेळा साधं खारट लोणी वापरतात. त्यात मीठ सव्वा टक्क्याच्या आसपास. २०० ग्रॅममध्ये जेमतेम अडीच ग्रॅम. ते मीठच जॅमच्या गोडीला आवरून धरतं. आपल्याकडच्या पिवळ्या टेबल बटरमध्ये मीठ ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं, म्हणजे तेवढ्याच लोण्यात ५-६ ग्रॅम. बिस्किट खारट लागतं आणि रंगही गडद पिवळा येतो. मधला मार्ग सरळ आहे: १०० ग्रॅम टेबल बटर आणि १०० ग्रॅम बिनमिठाचं. सगळं बिनमिठाचं घेतलंत तर पाव चमचा मीठ पिठात मिसळा. बिनमिठाची हालोनग्रोत्ता नुसती गोड लागते, तिला चव अशी येत नाही.

घरी कढवायच्या आधीचं पांढरं लोणी वापरायचं असेल तर आधी त्यातलं ताक पूर्ण निघालं पाहिजे. बर्फाच्या पाण्यात तीन-चार वेळा धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मग परातीत तळहाताने दाबून दाबून पाणी काढा आणि शेवटी स्वच्छ कापडावर टिपा. तरीही त्यातलं पाणी बाजारच्या बटरपेक्षा जास्तच राहतं. मैद्याला पाणी मिळालं की ग्लुटेन तयार होतं आणि बिस्किट कडक होतं. अशा लोण्याला १० ते १५ ग्रॅम मैदा जास्त लागतो.

साजूक तुपाची करता येतात का? येतात. २०० ग्रॅम बटरऐवजी १६० ग्रॅम थिजलेलं तूप आणि दीड मोठा चमचा थंड दूध. पण तुपाचा वास जॅमवर मात करतो आणि जी वस्तू तयार होते ती नानकटाईची बहीण असते. चवीला सुरेख. फक्त तिला स्वीडिश म्हणू नये.

साखर

स्वीडिश ‘स्ट्रोसॉकेर’ आपल्या साखरेपेक्षा बारीक दाण्याची असते. या पिठात पाणी जवळपास नाहीच, त्यामुळे आपले जाड दाणे विरघळत नाहीत. भाजताना ते वितळून पसरतात, बिस्किटाला कडेने तपकिरी ठिपके पडतात आणि दाताखाली करकर येते. साखर मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा फिरवून बारीक रव्यासारखी करा. अगदी पिठीसाखर घेतली तर बिस्किट पसरत नाही, पण पोत खडूसारखा होतो. रव्याइतकी बारीक साखर, हे मला सगळ्यांत योग्य वाटतं.

पीठ मळणं, खरं तर न मळणं

शंकरपाळीला किंवा करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. हालोनग्रोत्तेचं मोहन थंड असतं. काम मात्र तेच: स्निग्धांश मैद्याच्या कणाकणाला लागला की त्याला पाणी भेटत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो.

स्वयंपाकघराचं तापमान २० अंशांच्या आसपास असेल तर लोणी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, साखरेबरोबर लाकडी डावाने एकजीव करा आणि कोरडं साहित्य चाळून मिसळा. फेटायचं नाही. केकसारखं फेसून पांढरं केलं तर त्यात हवा शिरते, ओव्हनमध्ये ती फुगते, बिस्किट वर येतं आणि खड्डा उथळ होतो.

आपल्याकडे वर्षातले बरेच महिने ही पद्धत चालत नाही. ३० अंशांच्या खोलीत लोणी मऊ न राहता तेलकट होतं. त्यातला वितळलेला भाग परत थंड केला तरी पीठ पूर्वीसारखं बांधून राहत नाही. अशा वेळी उलटं करा. मैदा, स्टार्च, बेकिंग पावडर आणि साखर परातीत चाळून एकत्र करा. फ्रिजमधल्या थंड लोण्याचे सुपारीएवढे तुकडे त्यात टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, त्याची ऊब लोण्याला लगेच पोचते. मिक्सरच्या चॉपरमध्ये थांबत थांबत फिरवलं तर आणखी बरं. मिश्रण ओलसर ब्रेडच्या चुऱ्यासारखं दिसायला लागलं की व्हॅनिला घाला आणि मूठभर उचलून दाबा. मुटका वळला, बोटांचे ठसे नीट उमटले आणि तळवा चकचकीत तेलकट झाला नाही, की पीठ झालं. मुटका फुटत असेल तर पाणी किंवा दूध घालायचा मोह टाळा. आणखी एक मिनिट चोळा, लोणी पसरलं की तो वळतोच.

गोळा करून झाकून फ्रिजमध्ये ३० मिनिटं. तासाच्या वर ठेवलंत तर ते विटेसारखं घट्ट होतं. मग दहा मिनिटं बाहेर ठेवून घ्यावं लागतं.

कागदी वाट्या

हालोनग्रोत्ता कागदाच्या छोट्या वाटीत भाजतात आणि ती वाटी शोभेची नसते. गरम झालेलं पीठ बाहेर पसरायला बघतं, कागदाची भिंत त्याला थोपवते आणि त्यामुळे खड्डा उभा राहतो. तिथे या वाट्यांना ‘स्मोब्रोड्सफॉर्मार’ म्हणजे बिस्किटाच्या वाट्या म्हणतात, वाणसामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतात. आपल्याकडे मिनी कपकेकच्या म्हणून ज्या विकतात, तळाला तीन-साडेतीन सेंटीमीटर, त्या नेमक्या बसतात. मफिनच्या नेहमीच्या पाच सेंटीमीटरच्या वाट्या मोठ्या पडतात. त्यांत बिस्किट पसरून चपटं होतं.

पेढ्या-लाडवांखाली ठेवतात त्या रंगीत किंवा चंदेरी वाट्या दिसायला अगदी अशाच असतात. त्या ओव्हनमध्ये घालू नका. त्या भाजण्यासाठी केलेल्या नसतात. काहींचा रंग तुपात उतरतो, काहींवरचा मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर वितळतो. पाकिटावर बेकिंगसाठी असं लिहिलेल्याच घ्या.

वाट्या नसतील तर बेकिंग पावडर निम्मी करा, गोळे खड्डा पाडून झाल्यावर ट्रेसकट २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घाला. कडेने थोडी पसरतील, पण निभावतं. मिनी मफिनचा लोखंडी साचा असेल तर तोही चालतो. मात्र जॅम सांडला तर साच्याला चिकटतो.

खड्डा

पिठाचे २४ गोळे करा, प्रत्येकी २३ ते २४ ग्रॅम. मोठ्या लिंबापेक्षा लहान, आवळ्यापेक्षा किंचित मोठा. दोन्ही तळव्यांत तीन-चार फेऱ्यांतच गोल झाला पाहिजे. जास्त वेळ वळला तर वरून चकाकायला लागतो, म्हणजे लोणी सुटलं.

गोळा वाटीत ठेवा. अंगठा किंवा तर्जनीचं टोक मैद्यात बुडवून झटका आणि गोळ्याच्या बरोब्बर मधोमध सरळ खाली दाबा. बोट जसं खाली जातं तसं पीठ बाजूंनी वर चढतं आणि वाटीच्या कागदाला जाऊन टेकतं. तळाशी चार-पाच मिलिमीटर पीठ राहिलं की थांबायचं. मग बोट न काढता किंचित गोल फिरवलं की भिंती सारख्या होतात आणि बोट स्वच्छ सुटून येतं. बोट पिठाला ओढत वर आलं तर पीठ गरम झालंय, पाच मिनिटं फ्रिज. काठाला चिरा पडल्या तर पीठ फार थंड आहे. त्या चिरा बोटाने लगेच चिमटून बुजवा, कारण जॅम नेमका तिथूनच वाट काढतो. नखं वाढलेली असतील तर रवीच्या किंवा डावाच्या दांड्याचं गोल टोक वापरा.

खड्डा मनात येतो त्यापेक्षा खोल हवा. भाजताना तळ फुगतो आणि भिंती आत झुकतात, त्यामुळे निम्मी खोली तशीच जाते. उथळ खड्डा केला की शेवटी जॅमचा एक टिपका वर तरंगताना दिसतो आणि चावल्यावर नुसतं बिस्किट लागतं.

जॅम

इथे सगळ्यांत जास्त घोळ होतात, म्हणून सविस्तर.

जॅम भाजण्यापूर्वीच भरायचा. भाजल्यावर भरला तर तो बिस्किटाला धरत नाही आणि ओला राहून तळ मऊ करतो. शिवाय कच्च्या खड्ड्यात जॅम असला की भिंतींना आतून आधार मिळतो.

पण कुठला जॅम? भारतातल्या नियमाप्रमाणे ‘जॅम’ असं लेबल असलेल्या बरणीत विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के लागतात. असा घट्ट जॅम ओव्हनमध्ये बुडबुडे काढतो पण जागचा हलत नाही. ‘स्प्रेड’, ‘प्रिझर्व्ह’ किंवा कमी साखरेचे म्हणून जे विकतात त्यांत पाणी जास्त. ते लवकर उकळून उतू जातात, कागद आणि बिस्किट यांच्यामध्ये शिरून तिथे करपतात. उरलेलं पाणी वाफ होऊन पिठात मुरतं, म्हणून खालचा भाग कच्चट लागतो.

चमचा तिरका करून बघा. जॅम घसरत, लोंबत, गठ्ठ्याने पडला तर तसाच वापरा. धारेने पडला तर आधी आटवा. छोट्या कढईत मंद आचेवर, सतत ढवळत, चमच्याने तळावर ओढलेली रेघ दोन सेकंद तशीच दिसेपर्यंत. पूर्ण गार करून मग भरा. गरम जॅम भरला तर लोणी वितळून भिंत कोसळते.

घरी करायचा असेल तर फ्रोझन रास्पबेरी ३०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लिंबाचा रस १ छोटा चमचा. आधी फळ एकटं पाच मिनिटं शिजवून पाणी उडवा, मग साखर आणि रस घालून मोठ्या आचेवर ८ ते १० मिनिटं. थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंशांवर उतरवा. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ला. तिथे त्या प्रमाणात आकडा खाली आणा. पाणी उकळतं त्याच्यापेक्षा साडेचार-पाच अंश वर, एवढं लक्षात ठेवलं की कुठेही चालतं. थर्मामीटर नसेल तर बशी फ्रीझरमध्ये ठेवा, त्यावर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. पृष्ठभागाला सुरकुती पडली की झालं. बिया गाळू नका, हालोनग्रोत्तेत त्या दाताखाली यायलाच हव्यात.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मुबलक असते आणि तिचा जॅम इथे वापरावासा वाटणं साहजिक आहे. फक्त स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे फळातला जॅम धरायला लावणारा घटक, कमी आणि पाणी जास्त. ३०० ग्रॅम फळाला एका लहान आंबट सफरचंदाचा कीस आणि लिंबू दुप्पट घालून शिजवा. रास्पबेरीचा आंबटपणा मात्र त्यात येत नाही आणि या बिस्किटाला तो आंबटपणाच हवा असतो. लोण्याचा मऊपणा कापणारं दुसरं काही त्यात नाही. त्या दृष्टीने पिकलेल्या करवंदांचा जॅम मला जास्त पटतो. आंबट, गर्द रंगाचा आणि पेक्टिन इतकं की वेगळं काही घालावं लागत नाही. बिया आणि चीक काढायचे कष्ट आहेत, पण एप्रिल-मे महिन्यात कोकणात असाल तर करून बघाच.

स्वीडनमध्ये राहणाऱ्यांसाठी एक सूचना. जेवणाबरोबर मिळणारं ‘रोरोर्डा लिंगोन’ यात घालू नका. ती लिंगोनबेरी, म्हणजे तिथलं एक छोटं लाल आंबट फळ, न शिजवता नुसती साखरेत ढवळलेली असते, पातळ असते आणि ओव्हनमध्ये सरळ उतू जाते. आणि मैदा घेताना साधं ‘व्हेतेम्योल’ घ्या. त्याच रांगेत ‘व्हेतेम्योल स्पेशल’ असतं, त्यात प्रथिनं जास्त, ते पावासाठी.

प्रत्येक खड्ड्यात एक छोटा चमचा सपाट, काठापासून तीन मिलिमीटर खाली राहील इतकाच. प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून भरला तर काठावर लागत नाही. काठावर लागलेला जॅम आधी करपतो.

भाजणं

मोठ्या ओव्हनमध्ये स्वीडिश पद्धत २०० अंश, मधला कप्पा, १० ते १२ मिनिटं. पंखा चालू असेल तर १७५. आपल्या घरगुती ओटीजीत सळया पदार्थाच्या फार जवळ असतात, म्हणून १७५ अंश आणि १४ ते १६ मिनिटं धरा. दोन्ही सळया चालू ठेवून किमान १५ मिनिटं आधी तापवा. दिवा विझला म्हणजे ओव्हन तयार, असं समजू नका. आतल्या भिंती तापायला त्याहून वेळ लागतो. ओटीजीचा काटा आणि खरं तापमान यांत वीस अंशांचाही फरक असतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर एकदाच घेतला की हा अंदाजपंचे कारभार संपतो.

वाट्या दोन-दोन सेंटीमीटर अंतरावर मांडा. चिकटून मांडल्या तर मधल्या फिकट राहतात. एका वेळी एकच ट्रे. उरलेले गोळे फ्रिजमध्ये थांबवा, ओट्यावर नको. नवव्या मिनिटाला ट्रे फिरवा, बहुतेक ओटीजी मागच्या बाजूला जास्त तापतात.

काचेतून बघत राहा. पाच-सहा मिनिटांनी पीठ मऊ पडल्यासारखं दिसतं, काठ ओलसर चकाकतात. इथे घाबरून तापमान वाढवू नका, हे लोणी वितळतंय. आठव्या-नवव्या मिनिटाला काठ निस्तेज होतात, म्हणजे पीठ धरायला लागलं. मग जॅममध्ये कडेने बारीक बुडबुडे सुरू होतात. बुडबुडे कडेपासून मध्यापर्यंत पोचून जाड, सावकाश फुटायला लागले आणि बिस्किटाच्या काठाला गव्हाळ छटा आली की बाहेर काढा. वरचा भाग फिकटच राहतो. वरून तांबूस होईपर्यंत ठेवलं तर तळ जळालेला असतो.

बाहेर काढल्यावर बिस्किट दाबलं तर दबतं. ते कच्चं नसतं, लोणी अजून पातळ आहे इतकंच. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर. लगेच उचललं तर खालून मोडतं. आणि गरम असताना चाखायला जाऊ नका: वरून निवलेला दिसणारा जॅम आत अजून चटका देण्याइतका तापलेला असतो.

मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवर १७० अंश, १३-१४ मिनिटं, खालची जाळी. कुकरमध्ये किंवा कढईत मीठ तापवून करायच्या भानगडीत या पदार्थापुरतं पडू नये. उष्णता फक्त खालून येते, तळ करपेपर्यंत काठ ओलाच राहतो आणि अडकलेली वाफ जॅम पातळ करते.

बिघडलंच तर

सगळी पसरून चपटी झाली: पीठ गरम होतं किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. पुढची खेप भाजण्याआधी फक्त एक बिस्किट भाजून बघा. तेही पसरलं तर उरलेल्या पिठात एक मोठा चमचा मैदा मिसळा.

खड्डा बुजून जॅम वर आला: बेकिंग पावडर जास्त पडली किंवा लोणी फेसलं गेलं. चमचा सपाट म्हणजे सुरीने कापून सपाट, त्याला पर्याय नाही.

कडक, चिवट झाली: मैदा घातल्यावर मळत बसलात. हे पीठ कणकेसारखं मळलं की संपलं.

खाताना भुगा होतो, पण चव चांगली आहे: मैदा जास्त. चुरा फेकू नका. डब्यात भरून ठेवा, दही-क्रीमच्या पुडिंगखाली थर द्यायला छान लागतो.

कागद सुटत नाही: जॅम सांडला किंवा बिस्किट अजून कोमट आहे. पूर्ण गार झाल्यावर सोलून बघा.

टिकवणं आणि त्याच पिठाची दुसरी गंमत

पहिल्या दिवशी काठ कुरकुरीत आणि मधला भाग मऊ असतो. जॅममधला ओलावा हळूहळू बिस्किटात झिरपतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी सगळंच मऊ होतं. काहींना तेच आवडतं. पत्र्याच्या डब्यात थरांमध्ये बटर पेपर घालून पाच-सहा दिवस राहतात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात एका रात्रीत सादळतात. १५० अंशांवर पाच मिनिटं तापवून पूर्ण गार केली की परत खुसखुशीत होतात. स्वीडिश घरांत ही बिस्किटं भाजून सरळ फ्रीझरमध्ये ठेवतात, पाहुणा आला की डबा निघतो. दोन-तीन महिने चांगली राहतात आणि अर्ध्या तासात मूळ रूपात येतात. कच्चे, खड्डा पाडलेले गोळेही गोठवता येतात. जॅम मात्र भाजायच्या वेळीच भरा.

चोवीस खड्डे पाडायचा कंटाळा असेल तर याच पिठाच्या, बेकिंग पावडर निम्मी करून, ‘हालोनस्निट्टार’ करा. पिठाचे तीन भाग, प्रत्येकाची तीस सेंटीमीटर लांब वळी. बटर पेपरवर ठेवून जराशी चपटी करा आणि मधोमध बोटाने लांबलचक चर पाडा. चरात जॅम, २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं, ओटीजीत तेच १७५ आणि पंधरा. शंभर मिली पिठीसाखरेत एक मोठा चमचा पाणी कालवून ती दाट आयसिंग किंचित कोमट वळ्यांवर बारीक धारेने सोडा आणि आयसिंग धरायच्या आत, पट्ट्या अजून मऊ असतानाच, धारदार सुरीने तिरके दोन-दोन बोटांचे काप करा. गार झाल्यावर कापायला गेलात तर जॅमच्या रेषेतूनच तडकतात.